पेटी वाजली नाही पाहिजे

ग्वाल्हेरच्या आत्याला फोनवर म्हणालो, "पेटी बनवतोय." तिचा पहिला प्रश्न, "रीड कुठले घेतलेस? पालिताण्याचे घे बरं, दुसरे घेऊ नकोस." आमच्या घरात पेटी म्हणजे बाजाची पेटी. आजोबांची होती, आत्या तिच्यावरच शिकली, आणि वाटणीत ती कुणाकडे जावी यावरून दोन दिवस घरात अबोला झाला होता. मी स्पीकरच्या पेटीबद्दल बोलतोय हे कळल्यावर तिचा उत्साह एकदम मावळला. "हात्तिच्या! म्हणजे लाकडी खोकंच की. ते कुणीही सुतार करून देईल."

माझंही मत तेव्हा फार वेगळं नव्हतं.

सुरुवात झाली ती मुलाने दिलेल्या ब्लूटूथ स्पीकरपासून. नारळाएवढा डबा, पण धबधब अशी की खालच्या मजल्यावरून निरोप यायचा. त्यावर एका रविवारी अमीर खाँसाहेबांचा मारवा लावला. खाँसाहेब मंद्रात उतरले आणि विहिरीच्या तळाशी जाऊन बसले. विलंबित झूमऱ्याच्या दोन मात्रांमधली ती प्रसिद्ध शांतता त्या डब्याला रिकामी जागा वाटत असावी, तो तिथे आपली घरघर भरत होता. इंदुरात वाढलेला माणूस, इंदुरात राहणारा श्रोता, आणि मधे हा प्लास्टिकचा नारळ. मनाला लागलं. पीथमपूरहून परतताना कंपनीच्या बसमध्ये रोज तासभर मिळतो, त्यात महिनाभर वाचत राहिलो आणि ठरवलं की स्पीकर घरीच बनवायचा.

वाचलं पुष्कळ, पण बाजारात गेलो ते मोकळ्या डोक्याने. महारानी रोडवरच्या एका दुकानात विचारलं, "चांगला स्पीकर दाखवा, घरी गाणं ऐकायला." दुकानदाराने आठ इंची काढून काउंटरवर उलटा ठेवला. "भिया, मैग्नेट देखो, मैग्नेट!" मागे चिठ्ठी होती: ८ इंच, ८ ओहम, २०० वॉट. नाव नाही, दुसरा कुठलाच आकडा नाही. समोरून काळा कागदी कोन आणि त्याच्या मधोमध चिकटवलेला पांढरा छोटा कोन, वरच्या सुरांसाठी. "बेस कैसा है?" "शीशे हिल जाएँगे." मला काचा हलवायच्या नव्हत्या, तरी दोन नग घेतले. १८०० रुपये. घरी आल्यावर मॅग्नेटवरची रबरी टोपी ओढून काढली तर आत निम्म्या आकाराचं मॅग्नेट निघालं. नारळाच्या जागी आता शहाळं आलं होतं, एवढाच फरक.

पेटीसाठी घरातलं जुनं टीव्हीचं शोकेस मोडलं. प्रत्येक पेटी आतून साधारण २० लिटरची झाली. वीसच का? तर शोकेसच्या फळ्या तेवढ्या होत्या म्हणून. मागून बंद केली, चारी बाजूंनी फेविकॉल, स्क्रू, वरून काळा रंग. जोडून वाजवली.

शेजारी एक काका राहतात. वय पंच्याऐंशीच्या आसपास, अजून रोज सकाळी तंबोरा लावून बसतात, आवाज आता फारसा चालत नाही पण कान शाबूत आहेत. त्यांना मुद्दाम बोलावलं. त्यांनी डोळे मिटून दोन-तीन आवर्तनं ऐकली आणि विचारलं, "तबल्यावर कोण आहे? की पिंप बडवतायत?"

बरोबर होतं त्यांचं. डग्ग्याची घुमार पेटीत शिरून तिथेच गरगरत होती. गायकाचा मंद्र पंचम आला की पेटी स्वतःच ओरडायची. मारव्यात पंचम वर्ज्य, म्हणून तो त्यातल्या त्यात निभावला. यमन लावला आणि मी स्वतःच उठून बंद केला.

मग सुरू झाला उपायांचा काळ. आत उशीचा कापूस भरला. भिंतींना आतून जुनी सतरंजी चिकटवली. मागे भोक पाडलं, बुजवलं, परत पाडलं. सौ. म्हणाली, "ती पेटी आहे की दुखणाईत माणूस?" कशाने फरक पडला आणि कशाने नाही हेही सांगता येईना, कारण मुळात दुखणं काय आहे तेच माहीत नव्हतं.

ते कळलं एका रेझिस्टरमुळे. स्पीकरचा कोन म्हणजे स्प्रिंगवर टांगलेलं वजन. कडेची घडी आणि आतली ती पिवळसर सुरकुतलेली चकती ही त्याची स्प्रिंग. प्रत्येक टांगल्या वजनाची स्वतःची एक झोके घेण्याची गती असते, तशी स्पीकरचीही असते. ती मोजायला ॲम्प्लिफायर आणि स्पीकर यांच्यामध्ये हजार ओहमचा रेझिस्टर टाकायचा, मोबाइलवरून सूर खालून वर सरकवत न्यायचा आणि मल्टीमीटर स्पीकरच्या दोन टोकांना लावून आकडा बघायचा. एका जागी व्होल्टेज भसकन वर चढतं. ती त्याची नैसर्गिक कंप्रता. माझ्या आठ इंचीची निघाली ६२ हर्ट्झ. मग लॅपटॉपवर रूम ईक्यू विझार्ड नावाचा मोफत प्रोग्राम घेतला, तो असली मोजणी पुरी करून देतो. त्यातून आणखी दोन आकडे मिळाले. क्यूटीएस ०.९. व्हीएएस ४० लिटर.

हे दोन शब्द मंत्रासारखे वाटतात, पण त्यांच्या मागची गोष्ट साधी आहे. क्यूटीएस म्हणजे झोका दिल्यावर कोन किती वेळ डोलत राहतो त्याचं माप. मोठं मॅग्नेट कोनाला घट्ट धरून ठेवतं, मग हा आकडा लहान येतो. माझ्या टोपीवाल्या मॅग्नेटची पकड ढिली, म्हणून तो मोठा. दुकानात "मॅग्नेट मोठं म्हणजे बेस जास्त" म्हणतात ते म्हणूनच अर्धवट आहे. बंद पेटीत ताकदवान मॅग्नेटवाल्या स्पीकरचा खालचा आवाज उलट लवकर उतरतो, त्याला मागे नळीचं तोंड असलेली पेटी मानवते. व्हीएएस म्हणजे जेवढ्या हवेचा लवचीकपणा स्पीकरच्या स्वतःच्या स्प्रिंगएवढा असतो, तेवढी हवा. पेटी बंद केली की आतली हवा ही दुसरी स्प्रिंग होते आणि पहिलीच्या जोडीला येते. झोका आखडतो, कंप्रता वर जाते आणि डोलणंही वाढतं. ४० ला २० ने भागा, एक मिळवा, वर्गमूळ काढा: १.७३. माझा ६२ हर्ट्झचा स्पीकर २० लिटरच्या पेटीत १०७ हर्ट्झचा झाला होता आणि त्याचा क्यू ०.९ वरून १.५६ वर गेला होता. सपाट आवाजासाठी तो ०.७ च्या आसपास हवा. १.५६ ला कंप्रतेच्या वक्रावर चार डेसिबलहून जास्त उंच टेकाड उभं राहतं. काकांचा तंबोरा काळी एकचा, म्हणजे षड्ज साधारण १३९ हर्ट्झ. त्याच्या खालचा पंचम? १०४. टेकाडाच्या जवळपास माथ्यावर. सतरंजी चिकटवून ते खाली बसणार नव्हतं.

हे गणित ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये मांडलं आणि पुढे रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ते पूर्ण केलं. त्याआधीही लोक चांगले स्पीकर बनवत होतेच. राइस आणि केलॉग यांनी आज वापरतो त्या प्रकारचा स्पीकर १९२५ मध्ये अमेरिकेत दाखवला. १९५४ मध्ये एडगर विल्चर यांनी बंद पेटीतली हवा हीच मुख्य स्प्रिंग मानून लहान पेटीतून खोल आवाज काढला. पण ते सगळं अनुभवावर, चाचपडत. थील-स्मॉल नंतर कागदावर पाच ओळी लिहून पेटी वाजण्याआधीच ऐकता येते. मी त्यानंतर पन्नास वर्षांनी, हाताशी मोबाइल असताना, शोकेसच्या फळ्यांवरून लिटर ठरवले. पिंप बडवायचं राहील कसं?

यातून जे शिकलो ते असं की स्पीकर आधी घेऊन मग त्याला पेटी शोधायची नसते, आणि पेटी आधी ठरवून त्यात मिळेल तो स्पीकरही बसवायचा नसतो. दोघांच्याही आधी एक प्रश्न असतो: ऐकायचंय काय, आणि कुठे बसून? बहुतेक लोक (मीही) हा प्रश्न ओलांडून थेट वॉटवर जातात. वॉट हा सगळ्यांत निरुपयोगी आकडा. नव्वदच्या दशकात कॉम्प्युटरच्या स्पीकरवर 'पीएमपीओ' लिहून हजार-हजार वॉटचे आकडे छापलेले असत, आणि आतला ट्रान्सफॉर्मर मुठीत मावेल एवढा. स्पीकर एका मीटरवर, २.८३ व्होल्टला, किती डेसिबल देतो हे विचारावं. ८ ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट म्हणजे एक वॉट. ८६ डेसिबलवाला स्पीकर १६ वॉटमध्ये ९८ वर पोचतो. आमच्या खोलीत तेवढं एकदा करून पाहिलं, पुन्हा करणार नाही.

काय ऐकायचंय याचं उत्तर शोधायला काकांकडे गेलो. तंबोरा लावून घेतला, मोबाइलवर कंप्रता दाखवणारं ॲप उघडून समोर धरलं. खर्जाची तार ६९ हर्ट्झची. म्हणजे स्पीकर ६९ पर्यंत पोचायलाच हवा, असं मी जाहीर केलं. काका हसले. "बघ तर खरं, तो आलेख काय म्हणतोय." पाहिलं तर ६९ ची रेघ बुटकी, आणि तिच्या दुपटी-तिपटी, थेट वरपर्यंत, उंचच उंच. जवारी हेच तर करते. तार घोडीला घासत सुटते आणि मूळ सुरापेक्षा वरच्या सुरांना जास्त बळ देते. आणि कानाची गंमत अशी की वरची सगळी रांग नीट ऐकू आली, तर खालचा मूळ सूर नसला तरी तो आपण मनात पुरा करतो. जुन्या टेलिफोनवर ३०० हर्ट्झच्या खालचं फारसं येत नसे, तरी वडिलांचा घोगरा आवाज घोगराच ऐकू यायचा, तो याच न्यायाने.

डग्ग्याचं मात्र तसं नाही. त्याची घुमार हातात धरता येईल इतकी खरी लागते, ऐंशी-शंभरच्या आसपास तरी सपाट आवाज हवा. त्याच्याखाली माझं काही फारसं अडत नव्हतं. मी नगाऱ्यांचा चाहता नाही, अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झाँकींबरोबर जे काही वाजत जातं त्यात वर्षभराचा कोटा पुरा होतो. शिवाय आमची बैठकीची खोली बारा बाय दहा. बारा फुटांत ४७ हर्ट्झची लाट या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत उभी राहते, दहा फुटांत ५६ ची. त्या सुरांना खोली स्वतःच फुगवते. तिथे पेटीनेही जोर लावला तर पुन्हा पिंप.

इतकं ठरल्यावर निवड सोपी झाली. म्हणजे सोपी व्हायला हवी होती.

एक रस्ता होता चार इंची फुल-रेंजचा. खालपासून वरपर्यंत सगळे सूर वाजवणारा एकच स्पीकर, मधे काहीही नाही, तीन-साडेतीन लिटरची पेटी. पहिल्यांदा बनवणाऱ्याला मी अजूनही हेच सांगेन. गळा इतका स्वच्छ लागतो की बाकीचं माफ करावंसं वाटतं. पण असा स्पीकर तेवढ्याशा बंद पेटीत ११०-१२० च्या खाली उतरायला लागतो, आणि डग्गा मला हवा होता. म्हणून दुसरा रस्ता, दोन स्पीकरांचा: खालच्या सुरांना साडेसहा इंची कागदी कोनाचा वूफर, वरच्यांना एक इंची रेशमी घुमटाचा ट्वीटर, मधे सूर दोघांत वाटून देणारा क्रॉसओव्हर.

क्रॉसओव्हरपाशी पुस्तकी माणूस पडतो. सूत्र सरळ आहे. ८ ओहम, ३००० हर्ट्झ, वूफरच्या वाटेत ०.४२ मिलिहेन्रीची कॉइल, ट्वीटरच्या वाटेत ६.६ मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर. बाजारात याच हिशोबाने तयार पट्ट्या मिळतात, कुठल्याही स्पीकरला चालतील म्हणून. पण आठ ओहमचा स्पीकर आठ ओहमवर राहतो कुठे? आपल्या कंप्रतेपाशी तो तीस-चाळीसवर जातो, वर कॉइलच्या गुणाने परत चढत जातो. सूत्र ज्याच्यासाठी लिहिलंय तो स्पीकर अस्तित्वातच नाही. शिवाय वूफर जितका मोठा तितका तो वरच्या सुरांना टॉर्चसारखा एका दिशेला फेकू लागतो. साडेसहा इंचीत हे अडीच हजारांच्या आसपास जाणवायला लागतं, त्याआधी ट्वीटरने कारभार हाती घ्यायला हवा. आणि ट्वीटरला त्याच्या स्वतःच्या कंप्रतेच्या दुपटीखाली राबवलं तर तो कण्हतो. दोघांच्या मधली जागा अरुंद.

म्हणून मी स्वतः काही न आखता, ज्याने मोजून, आलेख काढून, नकाशासकट सगळं उघड केलंय अशा एका माणसाचं डिझाइन जसंच्या तसं उचलायचं ठरवलं. यात कमीपणा वाटण्याचं कारण नाही. गाणंसुद्धा आधी गुरूचं उचलावंच लागतं. वूफरचे आकडे होते: ४५ हर्ट्झ, क्यूटीएस ०.४०, व्हीएएस २० लिटर. मागची पाच ओळींची बेरीज स्वतः करून पाहिली. बंद पेटी, ०.७ च्या क्यूला साडेनऊ लिटर, आणि आवाज उतरायला सुरुवात ८० हर्ट्झला. बरोब्बर हवं तिथे. नळीवाली पेटी केली असती तर आणखी खाली गेलो असतो, पण नळीचा हिशोब चुकला की त्याचं प्रायश्चित्त रोज ऐकावं लागतं. बंद पेटी लिटर-अर्ध्या लिटरची चूक पोटात घालते. पहिल्या पेटीला एवढी माया पुरे. स्पीकर यावेळी आकड्यांच्या पत्रकासकट, कुरियरने मागवले. आले तेव्हा सौ.ने रबरी टोपी आहे का ते आधी तपासलं.

आता पेटी. मिस्त्रीजी आमच्या घरची सगळी लाकडी कामं करतात. मी नकाशा पुढे ठेवला: समोरची फळी २१६ बाय ३३६ मिलिमीटर. त्यांनी चष्मा लावला, काढला. "साब, मिलीमीटर में मत बोलो, सूत में बोलो." इंचाचे आठ सूत. मी हिशोब केला. २१६ म्हणजे साडेआठ इंच. ३३६ म्हणजे सव्वातेरा, तेरा इंच दोन सूत. अर्ध्याएक मिलिमीटरच्या फरकात बसलं! जर्मन नकाशा असल्यासारखा मी जपून आणलेला कागद मिस्त्रीजींनी खिशातल्या पेन्सिलीने दोन आकड्यांत आणून ठेवला. "तीन सूत इधर-उधर चलेगा ना?"

मागे जाणाऱ्या मापात चालेल, समोर नाही, असं मी म्हणालो, आणि कारण सांगत बसलो. खालचे सूर पेटीला वळसा घालून मागेही पसरतात, वरचे फक्त पुढे जातात. हा बदल कुठे होतो ते समोरच्या फळीच्या रुंदीवर ठरतं. साडेआठ इंचाला साधारण साडेपाचशे हर्ट्झ. तिच्याखाली आवाज पातळ पडत जातो, आणि ज्याने डिझाइन केलं त्याने नेमकं तेवढं क्रॉसओव्हरच्या कॉइलमध्ये भरून काढलेलं असतं. फळी रुंद केली की भरपाई चुकते आणि गळ्याला सर्दी होते. लिटर सांभाळायचे तर मागे जा, पुढे नको. मिस्त्रीजींनी शांतपणे ऐकलं. "मतलब मुँह वही रहेगा, पेट बढ़ा सकते हैं." एवढंच होतं ते.

लाकडावरून वाद झाला. मी एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी) म्हणत होतो, ते प्लाय. एमडीएफ सगळीकडून सारखं, आत पोकळी नाही, भोक गुळगुळीत कापतं. पण कडेला स्क्रू धरत नाही, पावसाळ्यात ओल लागली की कड फुगते, आणि कापताना उडणारी भुकटी नाकातोंडात जाऊ देऊ नये अशी असते. १८ मिलिमीटरची आठ बाय चारची शीट चाळीसेक किलोची, दोन माणसं लागतात. प्लाय हलकं, मजबूत, पण स्वस्त प्लायच्या थरांत मधेमधे पोकळ जागा असतात आणि नेमक्या सुरावर त्या भणभणतात. शेवटी समोरची फळी आणि बाकीही एमडीएफचंच केलं, मधे एक आडवी दांडी, आणि मिस्त्रीजींना मास्क लावायला लावला. तो त्यांनी हनुवटीला लावला.

काका काम बघायला आले होते. त्यांनी बोटाच्या पेरांनी पेटीवर टकटक केलं, मेल्या आवाजासारखं 'ठक' आलं. म्हणाले, "भोपळ्यावर असं वाजलं असतं तर मी तो फेकून दिला असता." मला तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं की मी आत्याच्या पेटीच्या अगदी उलट वस्तू बनवतोय. हार्मोनियमचं लाकूड, तंबोऱ्याचा भोपळा, सारंगीचं चामडं, सगळे बोलायला ठेवलेले. ही एकच पेटी अशी की वाजली तर बिघडली. अर्थात त्यातही दोन पंथ आहेत. बीबीसीने १९७० च्या दशकात बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी एलएस३/५ए नावाचा पाचेक लिटरचा छोटा स्पीकर बनवला, त्याच्या भिंती जाड नव्हत्याच. १२ मिलिमीटरचं बर्च प्लाय आणि आतून चिकटवलेला जड थर. भिंतीला हलू द्यायचं, पण हळू आणि लवकर गप्प होईल असं. ते प्रकरण सुंदर आहे, पण ते साधायला मोजमाप आणि धीर लागतो. मी जाड भिंतीचा गरीब मार्ग धरला.

बाकीचं भराभर झालं. वूफरचं भोक एक सूत मोठं झालं असतं तर स्क्रूला लाकूड उरलं नसतं, तिथे मिस्त्रीजी श्वास रोखून बसले होते. सांधे आतून सिलिकॉनने बंद, स्पीकरच्या कडेखाली दारांना लावतात ती फोमची पट्टी, आत उशीत भरतात तो पॉलिएस्टर फायबर, पिंजून, दाबून नाही. शेवटी वूफरचा कोन दोन्ही हातांच्या बोटांनी हलकेच आत ढकलून सोडला. तो सावकाश वर आला. हवा कुठून निसटत नाहीये. झटकन आला असता तर सगळे सांधे परत बघावे लागले असते.

मारवा लावला. काकांना शब्द फुटायला वेळ लागला, ते म्हणाले, "बाहेरून रिक्षा गेली ना मगाशी?" रिक्षा रेकॉर्डिंगमध्ये नव्हती, खरीच गेली होती. पण पुन्हा ऐकताना मी त्यांचा प्रश्न समजलो. मात्रांमधली जागा इतकी मोकळी झाली होती की त्यात रिक्षासुद्धा ऐकू येत होती.

ते आठ इंची जोड मात्र माळ्यावर पडून होते, आणि १८०० रुपये गेले म्हणून सौ. अधूनमधून त्यांची आठवण काढायची. क्यूटीएस ०.९ च्या स्पीकरला कुठलीही बंद पेटी नको असते, कारण ती असलेल्या डोलण्यात भरच घालते. मग हवं काय? उत्तर घरातच होतं. वडिलांचा व्हॉल्व्हचा रेडिओ, ज्यावर ते मालवा हाउसच्या आकाशवाणीवरून येणारं गाणं ऐकायचे. मागे त्याला पुठ्ठ्याची छिद्रांची झडप, तीही बहुधा काढलेलीच. लाकूड पातळ, आत सगळं उघडं. तेव्हाचे बरेच रेडिओ असेच, पाठ उघडी. हवेची दुसरी स्प्रिंगच नाही.

जुन्या कपाटाचं सागवानी दार होतं, दोन फूट रुंद, पाच फूट उंच. त्यात एक आठ इंची बसवला, मधोमध नाही, थोडा बाजूला, म्हणजे पुढचा आणि मागचा आवाज कडेला वळसा घालून एकाच सुरावर एकमेकांना खाणार नाहीत. खालचे सूर तरी खातातच, पण तिथे त्याचं स्वतःचं डोलणं कामी येतं, एकाने घेतलं ते दुसरा देतो. भिंतीपासून तीन फूट पुढे उभं केलं. मिस्त्रीजी म्हणाले, "पीछे डब्बा नहीं लगाना?" नाही लावायचं. डग्गा उघडा, सुटा, पिंप कुठेच नाही. वरचे सूर जरा कर्कश, पांढऱ्या छोट्या कोनाची ती खोड आहे. पण बाई गायला लागली की आवाज खोलीतून जात नाही, खोलीत असतो.

गेल्या महिन्यात आत्या आली. बैठकीत मोडक्या कपाटाचं दार उभं, त्याच्यामागून तारा लोंबतायत, आणि दारातून गाणं येतंय. तिने पुढून पाहिलं, मागे जाऊन पाहिलं.

"आणि ती पेटी?"

मी कोपऱ्यातल्या दोन्ही पेट्या दाखवल्या. तिने एकीवर टकटक केलं, कान लावला.

"ही तर मुकी आहे रे," म्हणाली, आणि खुर्ची ओढून दारासमोर बसली.